सह्याद्रीच्या जलाशयाकाठी मोटारसायकल सहल

अहिल्यानगर जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, सह्याद्रीच्या माथ्यावर, अकोले तालुक्याचा डोंगराळ भाग पसरलेला आहे. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर, १,६४६ मीटर उंचीचे कळसूबाई, या तालुक्याच्या सीमेवर उभे आहे. रतनगडाच्या परिसरात प्रवरा नदीचा उगम आहे आणि उगमापासून थोड्याच अंतरावर भंडारदऱ्याच्या धरणाने तिला अडविले आहे. डोंगर, पाणी, लेणे वाटावे असे एक प्राचीन मंदिर, कोकणात तुटून पडणारे कडे आणि भातखाचरांच्या कडेने जाणारा रस्ता, हे सर्व एकाच फेरीत पाहावयास मिळते, असे परिसर आपल्या राज्यातही फार नाहीत. मुंबई, नाशिक आणि पुणे या तिन्ही शहरांतून येथे येणाऱ्यांमध्ये मोटारसायकलस्वारांची संख्या मोठी आहे. त्यांत महाविद्यालयीन तरुण आहेत, तसेच दिवाळीच्या सुटीत सहकुटुंब निघणारे शिक्षक आणि कर्मचारीही आहेत.

मोटारसायकल हे डोंगराळ भागातील खरे उपयोगी वाहन. ग्रामसेवक, तलाठी, आरोग्यसेवक आणि वाडीवस्तीवरील शाळेचे गुरुजी यांचा दिवस तिच्यावरच जातो. अरुंद रस्त्यावर ती सहज वळते, तिला इंधन कमी लागते आणि स्वार चारही बाजूंचा निसर्ग पाहू शकतो. तथापि, याच वाहनावरील माणूस रस्त्यावर सर्वांत असुरक्षित असतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या वर्षी देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. त्यांपैकी ४४.५ टक्के दुचाकीवरील होत्या. सहलीचे नियोजन हा म्हणूनच केवळ हौसेचा विषय राहत नाही. स्वाराच्या जिवाचा आणि तो ज्या गावांतून जातो त्या गावांच्या हिताचा प्रश्न त्यात एकाच ठिकाणी येऊन मिळतो. ते ठिकाण म्हणजे मुक्काम. एका दिवसात जाऊन येण्याचा अट्टाहास सोडून गावात एक किंवा दोन रात्री राहण्याचे ठरविले, तर स्वाराचा धोका पुष्कळ कमी होतो आणि गावाच्या पदरातही काही पडते. हे कसे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

अंतर नव्हे, उजेड मोजावा

सहल आखताना बहुतेक जण नकाशावर किलोमीटर मोजतात. कल्याणहून कसारा घाट चढून घोटी, तेथून बारीमार्गे शेंडी म्हणजेच भंडारदरा, हे अंतर सव्वाशे ते दीडशे किलोमीटर भरते. नाशिकहून ते सत्तर किलोमीटरच्या आसपास आहे. महामार्गावर तासाला साठ किलोमीटर जाणारा स्वार मनाशी हिशेब करतो की, अडीच तासांत पोहोचू, दुपारी जलाशयाची फेरी करू आणि रात्री घरी जेवावयास येऊ. हा हिशेब घोटीपर्यंत खरा ठरतो. पुढे रस्ता वळणांचा, गावागावांतून जाणारा, कोठे रुंद तर कोठे अरुंद असा आहे. जलाशयाला वळसा घालणारी फेरी चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरची आहे. परंतु तेथे तासाला वीस-पंचवीस किलोमीटरपेक्षा अधिक सरासरी धरणे योग्य नाही. म्हणजे निव्वळ वाहन चालविण्यास दोन तास लागतात. त्यात रतनवाडी, साम्रद, घाटघर येथील थांबे, जेवण आणि विश्रांती मिळविली की पूर्ण दिवस जातो.

दिवाळीच्या दिवसांत सूर्य सायंकाळी सहाच्या सुमारास मावळतो. एका दिवसाच्या सहलीत परतीचा कसारा घाट किंवा नाशिकचा महामार्ग नेमका अंधारात, अवजड मालमोटारींच्या रांगेत, आणि पहाटेपासून जागलेल्या थकल्या डोळ्यांनी पार करावा लागतो. दहा-बारा तास खोगिरावर बसलेल्या माणसाची प्रतिक्रिया मंदावते, हे त्याच्या स्वतःच्या लक्षात येत नाही. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर पुढे जाते. धोका दिसल्यापासून ब्रेकवर हात जाईपर्यंत एक सेकंद अधिक लागला, तर तेवढे अंतर हातचे गेलेच. शिवाय वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यापासून थांबेपर्यंतचे अंतर दुप्पट होत नाही, चौपट होते. ओल्या रस्त्यावर त्यातही वाढ होते. हे साधे गणित शाळेतील नववीच्या वर्गात शिकविण्यासारखे आहे. कारण त्या वयाची मुले परवाना मिळण्याआधीच वडिलांची गाडी हाती घेतात, हे आपण सर्वच जाणतो.

तेव्हा पहिले सूत्र असे की, दिवसाच्या उजेडाचे तास मोजावेत, त्यांतून दोन तास अडीअडचणीसाठी राखून ठेवावेत आणि उरलेल्या वेळात बसेल एवढाच मार्ग त्या दिवसासाठी घ्यावा. या सूत्राने भंडारदऱ्याची सहल आपोआप तीन दिवसांची होते. पहिल्या दिवशी शेंडी गाठावी, दुसरा दिवस जलाशयाच्या फेरीस द्यावा आणि तिसऱ्या दिवशी परतावे. ज्यांना दोनच दिवस सवड असेल त्यांनी परतीचा लांबचा मार्ग वगळावा, फेरीला कात्री लावू नये.

मुंबईकडून येणाऱ्यांसाठी येथे एक सूचना आवश्यक आहे. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. भ्रमणध्वनीवरील नकाशा कधी कधी तोच मार्ग सुचवितो. त्या महामार्गावर दुचाकींना प्रवेश नाही. जुन्या मुंबई-नाशिक महामार्गानेच यावे आणि घोटीस टाकी पूर्ण भरून घ्यावी. पुढच्या वाड्यांत पेट्रोल मिळेल या भरवशावर राहू नये.

वाहनाची व स्वाराची तयारी

निघण्यापूर्वी आठवडाभर आधी गाडी कारागिराकडून तपासून घ्यावी. आदल्या सायंकाळी नव्हे. कारण दुरुस्त केलेला भाग चार दिवस चालवून पाहिल्याशिवाय त्याची खात्री होत नाही. ब्रेक, टायर, साखळी आणि दिवे या चार गोष्टी मुख्य होत. टायरची नक्षी झिजली असेल तर ओल्या रस्त्यावर पाणी बाहेर फेकले जात नाही आणि चाक घसरते. पाठीमागे माणूस व सामान असल्यास मागच्या टायरमध्ये हवा किती अधिक भरावी, हे वाहनाच्या पुस्तिकेत दिलेले असते. ती पुस्तिका क्वचितच कोणी उघडतो. क्लचची एक जादा केबल, प्लग, पंक्चर काढण्याचे साहित्य, हवा भरण्याचा लहान पंप आणि विजेरी एवढे सामान पुरे. ओझे खाली व मधोमध, दोन्ही बाजूंस समान वजनाचे बांधावे. पाठीवर जड पिशवी घेऊन बसणाऱ्यास दुसऱ्या दिवशी मान वळविता येत नाही, आणि घाटात मान वळविणे फार गरजेचे असते.

हेल्मेट दोघांनाही हवे, चालविणाऱ्यास आणि पाठीमागे बसणाऱ्यासही. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १२९ चे बंधन दोघांवर आहे. १ जून २०२१ पासून देशात भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह नसलेले दुचाकीचे हेल्मेट विकण्यास मनाई आहे. रस्त्याच्या कडेला मिळणारी स्वस्त टोपी दंडापासून वाचवील, डोके वाचविणार नाही. हनुवटीखालचा पट्टा बांधलेला नसेल तर चांगले हेल्मेटही पहिल्याच धक्क्यास निघून जाते.

घाट उतरण्याविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. ज्या गिअरमध्ये चढ चढावा लागेल, त्याच गिअरमध्ये तो उतरावा, असा जुन्या चालकांचा दंडक आहे आणि तो शास्त्रशुद्ध आहे. खालच्या गिअरमध्ये इंजिन स्वतःच चाकाचा वेग रोखून धरते, त्यामुळे ब्रेकवर भार पडत नाही. याउलट वरच्या गिअरमध्ये सतत ब्रेक दाबून उतरले तर ब्रेक तापतात आणि तापलेल्या ब्रेकची पकड कमी होत जाते. पेट्रोल वाचविण्यासाठी गाडी न्यूट्रल करून, काही वेळा इंजिनच बंद करून घाट उतरणारे अनेक जण दिसतात. त्यातून वाचणारे पेट्रोल चमचाभर आणि पत्करलेला धोका जिवाचा, हा व्यवहार कोणत्याही हिशेबात बसत नाही. अरुंद घाटात समोरासमोर दोन वाहने आल्यास चढणाऱ्या वाहनास आधी वाट द्यावी, असा नियम २०१७ च्या मोटार वाहन चालविण्याविषयीच्या विनियमांत आहे. वळणांच्या आतील बाजूस पावसाने वाहून आणलेली बारीक खडी साचलेली असते. तेथे गाडी कलती असताना ब्रेक लावला तर ती हमखास घसरते. वेग वळणापूर्वी कमी करावा, वळणात नव्हे.

जलाशयाची फेरी

दुसऱ्या दिवशीच्या फेरीस शक्यतो सकाळी सातच्या आत निघावे. धरण पूर्वेस आणि जलाशय त्याच्या पश्चिमेस असल्याने या फेरीत एक सोय आपोआप साधते. सकाळी पश्चिमेकडे जाताना आणि दुपारनंतर पूर्वेकडे परतताना, दोन्ही वेळी सूर्य स्वाराच्या पाठीशी राहतो. समोरून येणाऱ्या तिरप्या किरणांनी डोळे दिपणे हे घाटातील अपघातांचे एक कारण आहे. दुपारपर्यंत झोपून मग निघणाऱ्यांच्या डोळ्यांत मात्र सूर्य नेमका समोरून येतो.

निघण्यापूर्वी धरण पाहावे. त्याचे बांधकाम १९१० मध्ये सुरू झाले आणि १० डिसेंबर १९२६ रोजी मुंबई प्रांताचे तत्कालीन गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. त्यांच्यावरून धरणास विल्सन यांचे नाव पडले. जलाशय ऑर्थर तलाव या नावानेही ओळखला जात असे. दगडी बांधणीचे हे धरण सुमारे ८२ मीटर उंच आहे आणि त्याची साठवणक्षमता ११,०३९ दशलक्ष घनफूट आहे. १५ ऑगस्टच्या सुमारास धरण भरते, असा परिसरातील लोकांचा अनेक वर्षांचा आडाखा आहे. येथे साठलेले पाणी प्रवरेच्या पात्रातून आणि कालव्यांतून अकोले, संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, राहुरी या भागांतील शेतांना जाते. लोणी येथे सहकारी तत्त्वावरील साखर कारखाना उभा राहिला, त्या परिसरातील उसामागेही हेच पाणी आहे. पर्यटकाला जे सरोवर दिसते, ते खालच्या शेतकऱ्याचे पुढच्या वर्षीचे पीक असते.

शेंडीहून मुतखेल, कोलटेंभे या गावांवरून दक्षिण काठाने रतनवाडीस जावे. तेथील अमृतेश्वराचे दगडी मंदिर व त्याजवळची पुष्करणी अवश्य पाहण्याजोगी आहे. मंदिरावरील कोरीवकाम पाहण्यास किमान एक तास द्यावा. मंदिराच्या मागे रतनगड उभा आहे. त्याची चढाई हा स्वतंत्र दिवसाचा कार्यक्रम आहे. कळसूबाईचेही तसेच. बारी गावातून शिखरावर जाऊन येण्यात दिवस जातो आणि पाय पार थकतात. गड चढून उतरल्यावर त्याच सायंकाळी थरथरत्या पायांनी गाडी चालविणे टाळावे.

रतनवाडीहून पुढे साम्रद लागते. तेथून जवळच सांदण दरी आहे. ही अरुंद, खोल घळ पावसाळ्यात पाण्याच्या लोंढ्याची वाट असते. कोरड्या दिवसांतच आणि स्थानिक वाटाड्या बरोबर घेऊनच तीत उतरावे. साम्रदनंतर घाटघर. येथे सह्याद्री एकाएकी संपतो आणि कड्याखाली कोकण दिसू लागते. घाटघरला वर्षाकाठी सुमारे पाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. येथून पूर्वेस, त्याच प्रवरेच्या काठी असलेल्या संगमनेरला तो पाचशेच्या आतबाहेर. नैर्ऋत्य मोसमी वारे कड्याला अडून वर चढतात, थंड होतात आणि माथ्यावरच बहुतेक पाणी रिते करतात. पुढे उरतो तो पर्जन्यछायेचा प्रदेश. भूगोलाच्या पुस्तकातील ही आकृती विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष दाखवावयाची असेल, तर शिक्षकांनी घाटघर ते संगमनेर हा रस्ता एकदा नजरेखालून घालावा. भाताची खाचरे संपून बाजरीची शेते कोठे सुरू होतात, ते रस्त्यावरूनच दिसते.

घाटघरचा दुसरा विशेष म्हणजे तेथील उदंचन जलविद्युत प्रकल्प. कड्याच्या वर एक जलाशय आणि खाली शहापूर तालुक्यात चोंढे येथे दुसरा, अशी त्याची रचना आहे. विजेची मागणी कमी असते तेव्हा खालचे पाणी वर चढविले जाते आणि मागणी वाढते तेव्हा तेच पाणी खाली सोडून २५० मेगावॉट वीज निर्माण केली जाते. पाणी तेच, पुन्हा पुन्हा वापरलेले. म्हणजे ही विजेची एक साठवणच होय. येथील धरणाच्या बांधकामात रोलरने दाबलेल्या काँक्रीटचे तंत्र भारतात प्रथमच वापरण्यात आले.

घाटघरहून उडदावणे, पांजरे, मुरशेतमार्गे उत्तर काठाने शेंडीस परतावे. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये या गावांत भाताची कापणी चालू असते. बैलगाड्या, भारे वाहणाऱ्या स्त्रिया आणि गुरे रस्त्यावर असतात. रस्ता त्यांचा आहे, आपण पाहुणे आहोत, एवढे ध्यानात ठेवून भोंगा न वाजविता थांबावे.

परतीचा मार्ग

तिसऱ्या दिवशी नाशिककरांनी राजूर, अकोले, संगमनेर, सिन्नर या मार्गाने जावे. मुंबई-कल्याणकडे जाणाऱ्यांना राजूरहून कोतूळ, ब्राह्मणवाडा, ओतूर आणि माळशेज घाटातून मुरबाड असा मार्ग घेता येतो. हे अंतर पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास असल्याने सकाळी लवकर निघणे आवश्यक आहे. राजूरपूर्वी रंधा धबधबा लागतो. प्रवरेचे बरेचसे पाणी वीजनिर्मितीकडे वळविलेले असल्याने पावसाळा संपल्यावर हा प्रपात रोडावतो; चित्रातील रूप मनात धरून आलेल्यांनी निराश होऊ नये. राजूरनंतर प्रवरेचे खोरे सोडून आपण मुळेच्या खोऱ्यात, कोतूळला येतो आणि पुढे आणखी एक डोंगररांग ओलांडून ओतूरला कल्याण-नगर महामार्गास लागतो. माळशेजच्या वाटेवर पिंपळगाव जोगे धरणाचा विस्तीर्ण जलाशय दिसतो. माळशेज घाटात मात्र वाहन उभे करून छायाचित्रे काढण्याचा मोह टाळावा. तो राष्ट्रीय महामार्ग आहे आणि कड्यावरून दगड सुटण्याचा धोका तेथे कायमचा आहे.

गावाचा वाटा

आता दुसऱ्या बाजूचा विचार. एका दिवसासाठी येणारा स्वार पेट्रोल शहरात भरतो, खाऊचे पुडे शहरातून आणतो आणि रिकामे पुडे मात्र गावात टाकून जातो. गावाच्या वाट्यास धूळ, गोंगाट आणि कचरा येतो. मुक्कामास राहणारा स्वार रात्रीचे जेवण, सकाळची न्याहारी, वाटाड्या आणि निवास यांचे पैसे गावातच खर्च करतो. पाहुणा तोच, रस्ता तोच. एका रात्रीने फरक पडतो. ‘धरण उशाला आणि कोरड घशाला’ ही म्हण या पट्ट्यातील अनेक वाड्यांना उन्हाळ्यात अक्षरशः लागू पडते. ज्यांच्या डोळ्यांसमोर पाणी साठते पण ज्यांच्या शेतास ते चढत नाही, अशा महादेव कोळी व ठाकर कुटुंबांना सहलींतून हंगामी रोजगार मिळत असेल, तर तो मिळावा आणि घराजवळ मिळावा, हे योग्यच आहे.

शेंडी येथे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे निवासस्थान आहे. त्याखेरीज परिसरातील अनेक कुटुंबे घरगुती निवास व तंबूंची सोय करतात. राज्याच्या कृषी पर्यटन धोरणाचा (२०२०) लाभ शेतकऱ्यांना नोंदणी करून घेता येतो. पाहुण्यांच्या ताटात शहरी पदार्थांची नक्कल मांडण्याऐवजी नाचणीची भाकरी, वरई आणि येथला काळभात मांडावा. देशी बियाणी जपण्याच्या कार्यासाठी पद्मश्री मिळालेल्या राहीबाई पोपेरे याच तालुक्यातील कोंभाळण्याच्या आहेत, हे पाहुण्यांना आवर्जून सांगण्यासारखे आहे.

ग्रामपंचायतीने काय करावे, याबद्दल एकच एक नमुना सांगता येणार नाही. तथापि, वाहनतळाची जागा ही पहिली गरज आहे. गाड्या रस्त्याच्या कडेला लागल्या की एस.टी. अडकते, रुग्णवाहिका अडकते आणि भांडणे होतात. गावाच्या अलीकडे मोकळी जागा आखून तेथे पावती देऊन शुल्क घ्यावे आणि त्या शुल्काचा हिशेब ग्रामसभेपुढे वाचावा. या तालुक्यातील अनुसूचित क्षेत्रातील गावांत ‘पेसा’ कायद्यामुळे ग्रामसभेस विशेष स्थान आहे. १९९६ च्या या केंद्रीय कायद्याचे राज्याचे नियम २०१४ मध्ये आले. पर्यटनाचे निर्णय ग्रामसभेत झाले तर ते टिकतात. चार तरुणांनी परस्पर दोरी बांधून वसुली सुरू केली तर तक्रारी वाढतात आणि गावाचे नाव खराब होते. स्वच्छतागृह, विशेषतः स्त्रियांसाठी, ही दुसरी गरज. पंक्चर काढणारा एखादा तरुण गावात तयार झाला तरी त्याचा उपयोग केवळ पाहुण्यांना नव्हे, गावच्या गुरुजींना आणि आरोग्यसेविकेलाही होईल.

अपघात झाल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका आणि ११२ वर पोलिसांची मदत मिळते. डोंगरात भ्रमणध्वनीचे जाळे सर्वत्र पोहोचत नाही. म्हणून कोणत्या टेकाडावर संपर्क लागतो, हे गावकऱ्यांनी पाहुण्यांना सांगून ठेवावे. जखमीला उचलले तर पोलिसांचा ससेमिरा मागे लागेल, ही भीती अजून पुष्कळांच्या मनात आहे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन अधिनियमात घातलेल्या कलम १३४-अ नुसार सद्भावनेने मदत करणाऱ्यास दिवाणी वा फौजदारी कारवाईपासून संरक्षण आहे आणि स्वतःचे नाव सांगण्याची सक्तीही त्याच्यावर करता येत नाही. पंचायत सदस्यांनी ही माहिती ग्रामसभेत मुद्दाम द्यावी.

पावसाळा आणि काजव्यांचा हंगाम

जुलै-ऑगस्टमध्ये हा परिसर सर्वांत देखणा असतो आणि नवख्या स्वारासाठी सर्वांत अयोग्यही. दाट धुके, रस्त्यावरून वाहणारे ओढे आणि सुटणारे दगड यांची गाठ एकाच वळणावर पडू शकते. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव दरडीखाली गेले आणि दीडशेहून अधिक माणसे दगावली. ते याच सह्याद्रीतले. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याजवळ भुशी धरणाच्या वरच्या धबधब्यात एका कुटुंबातील पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५ रोजी मावळातील कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल गर्दीच्या भाराने कोसळला. अशा घटनांमुळे जिल्हा प्रशासन पावसाळ्यात काही ठिकाणी मनाई आदेश काढते. ते आदेश हौशी लोकांची अडवणूक करण्यासाठी नसतात. पण ते वेळेवर आणि मराठीत, घोटी व ओतूर यांसारख्या नाक्यांवर फलक लावून कळविले गेले तरच त्यांचा उपयोग. पन्नास किलोमीटर आत आल्यावर अडविलेला स्वार आडवाट शोधतो. एखाद्या मोरीवरून पाणी वाहत असेल तर गाडी त्यात घालू नये, मागे फिरावे. वाहत्या पाण्याखाली रस्ता शिल्लक आहे की नाही, हे वरून दिसत नाही.

मे महिन्याच्या मध्यापासून मृगाचा पाऊस स्थिर होईपर्यंत येथील हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ या झाडांवर काजवे चमकतात. हा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो आणि त्या दिवसांत येथे हजारो वाहने लोटतात. काजव्याचा प्रकाश हा त्याचा प्रणयसंकेत आहे. नर लुकलुकतो, मादी उत्तर देते आणि त्यावर पुढची पिढी अवलंबून असते. गाड्यांच्या झगझगीत दिव्यांत हे संकेत हरवतात. यात मोटारसायकलची एक वेगळी अडचण आहे. १ एप्रिल २०१७ पासून बनलेल्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिन चालू असेपर्यंत जळतच राहतो, तो स्वतंत्रपणे बंद करता येत नाही. दिवसाच्या सुरक्षिततेसाठी ती तरतूद चांगली. काजव्यांच्या झाडांजवळ मात्र दिवा विझविण्याचा एकच उपाय उरतो, तो म्हणजे गाडी गावातच ठेवून पायी जाणे. वन विभाग या हंगामात रात्रीच्या प्रवेशावर वेळोवेळी बंधने घालतो. ती आधी विचारून घ्यावीत. गावातील वाटाड्या बरोबर घ्यावा, विजेरी जमिनीकडे आणि तीही क्वचित लावावी, झाडाखाली जाऊन फांद्या हलवू नयेत. गावात मुक्काम असेल तर हे सर्व सहज जमते, कारण परतीची घाई नसते.

दिवाळीच्या सुटीतील निवास बरेच आधी भरतात. सहलीचे दिवस ठरताच घरमालकाशी किंवा निवासस्थानाशी बोलून जागा निश्चित करावी, आणि निघण्याच्या आदल्या दिवशी रस्ता व हवामान यांची चौकशी त्याच्याकडे किंवा जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाच्या १०७७ या क्रमांकावर करावी. त्या दिवशी घाट बंद असल्याचे कळले, तर पुढची तारीख घ्यावी.